मेल सर्व्हर साठवलेल्या मेलला ओळख क्रमांक कसा देतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान कार्यालयांचे आणि संस्थांचे मेल सर्व्हर सांभाळताना हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात. काही वापरणाऱ्यांचे असतात, काही नव्यानं सर्व्हर हाती घेतलेल्या मुलामुलींचे. सोपे आधी, अडचणीचे शेवटी ठेवले आहेत. आज्ञा, फाइलींची नावं आणि सेटिंग प्रत्यक्षात रोमन लिपीत असतात, इथे ती देवनागरीत लिहिली आहेत.

१. मेलला वेगळा क्रमांक लागतोच कशाला? विषय, तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव पुरत नाही का?

नाही पुरत. बँकेकडून एकाच विषयाचे दहा मेल एका दिवसात येतात. तारीख पाठवणाऱ्याच्या यंत्रावरच्या घड्याळातून येते आणि ते घड्याळ चुकीचं असू शकतं. शिवाय एकाच पेटीकडे तुमचा फोन, ऑफिसचा संगणक आणि घरचा लॅपटॉप असे तिघं एकदम बघत असतात. फोनवर पुसलेला मेल संगणकावरूनही जायचा, तर "कोणता मेल" हे तिघांना एकाच खुणेनं कळायला हवं.

यादीतली जागा ही खूण होऊ शकत नाही. आयमॅपमध्ये, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या पद्धतीत, असा क्रम असतो: पहिला, दुसरा, तिसरा. पण पाचवा मेल काढला की सहावा पाचवा होतो. खिडकीवरच्या रांगेतला पुढचा माणूस गेला की मागचे सगळे एक पाऊल सरकतात, तसंच. म्हणून रांगेतल्या जागेखेरीज न सरकणारा क्रमांक लागतो.

२. मग प्रत्येक मेलला एकच क्रमांक असतो ना?

गोंधळाचं मूळ इथेच आहे. निदान तीन असतात आणि ते तिघं वेगवेगळे देतात. सरकारी किंवा सहकारी कार्यालयात काम केलेल्याला हे लगेच उमगतं. पत्र पाठवणारं कार्यालय त्यावर आपला जावक क्रमांक टाकतं. टपाल खातं पावतीवर आपला नंबर देतं. पत्र पोचलं की घेणारं कार्यालय आपल्या नोंदवहीतला आवक क्रमांक मारतं. पत्र एक आणि क्रमांक तीन.

मेलमध्ये मेसेज-आयडी हा जावक क्रमांक (प्रश्न ३ आणि ४). वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपल्या रांगेसाठी जो देतो तो क्यू-आयडी, म्हणजे टपालाची पावती (प्रश्न ११). आणि पेटीत साठवताना मिळतो तो यूआयडी, म्हणजे आवक क्रमांक (प्रश्न ५ पासून पुढे). कुणी "मेलचा आयडी द्या" म्हणालं, तर आधी विचारा: कोणी दिलेला?

३. मेसेज-आयडी कोण तयार करतं?

बहुतेक वेळा पाठवणाऱ्याचा मेल प्रोग्राम. त्यानं दिला नसेल तर मेल स्वीकारणारा त्याचा सर्व्हर देतो. रूप ई-मेल पत्त्यासारखं असतं: डावीकडे काहीतरी एकमेव, मग ॲटचं चिन्ह, उजवीकडे सहसा डोमेनचं नाव. डाव्या भागात वेळ, प्रोसेस क्रमांक, यादृच्छिक अक्षरं यांचं मिश्रण असतं. उजवीकडे डोमेन असल्यामुळे जगभरात कुणी कुणाला विचारायची गरज उरत नाही. आपापल्या डोमेनच्या आत पुनरावृत्ती टाळली की झालं. ही पद्धत १९८२ च्या आरएफसी ८२२ मध्ये होती (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित प्रमाण-दस्तऐवज) आणि २००८ च्या आरएफसी ५३२२ मध्येही तीच आहे. उत्तरांची साखळी यावरच जुळते: उत्तर देताना मूळ मेसेज-आयडी "इन-रिप्लाय-टू" आणि "रेफरन्सेस" या ओळींत उतरवला जातो.

४. मेसेज-आयडी जगात एकमेव असतो म्हणता, मग सर्व्हर साठवायलाही तोच का वापरत नाही?

कारण तो परक्यानं लिहिलेला असतो. एकमेव ठेवण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची आहे आणि ती तो पाळेलच याची खात्री तुमच्या सर्व्हरला देता येत नाही. स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टमधून रोज रात्री अहवाल जातो आणि त्यात मेसेज-आयडी कायमचा एकच टाकून ठेवलेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कुणी मुद्दामही दुसऱ्याचा उचलून वापरू शकतं. काही मेलना तो नसतोच. आरएफसीत "असायला हवा" असं आहे, "असलाच पाहिजे" असं नाही.

शिवाय एकाच मेसेज-आयडीच्या दोन प्रती तुमच्याकडे रीतसर येऊ शकतात. एक थेट, दुसरी गटामार्फत. त्या दोन वेगळ्या नोंदी आहेत. एक पुसली तर दुसरी राहिली पाहिजे.

५. मग आयमॅपचा यूआयडी नेमका कसा ठरतो?

अगदी साध्या मोजणीनं. प्रत्येक फोल्डरचा स्वतःचा मोजणारा काटा असतो, त्याला यूआयडीनेक्स्ट म्हणतात. मेल आला की काट्यावरचा आकडा त्याला मिळतो आणि काटा पुढे सरकतो. नियम तीनच: क्रमांक चढताच असला पाहिजे, एकदा दिलेला पुन्हा द्यायचा नाही, दिलेला बदलायचा नाही. २००३ च्या आरएफसी ३५०१ मध्ये हे होतं, २०२१ च्या आरएफसी ९०५१ मध्येही आहे.

चढता का? कारण त्यामुळे क्लायंटला, म्हणजे तुमच्या फोनवरच्या किंवा संगणकावरच्या मेल प्रोग्रामला, एका वाक्यात विचारता येतं: "२५ नंतर काय आलं?" क्रमांक यादृच्छिक असते, तर दरवेळी अख्खी यादी मागवून ताडून बघावी लागली असती.

डव्हकॉट सर्व्हरवर मेलडिर पद्धतीनं (प्रश्न ९) मेल ठेवले असतील तर हे डोळ्यांनी पाहता येतं. फोल्डरमध्ये "डव्हकॉट-यूआयडीलिस्ट" नावाची साधी मजकुराची फाइल असते. तिची पहिली ओळ अशी सुरू होते:

३ व्ही१७०००००००० एन२६ …

३ ही फाइलच्या रचनेची आवृत्ती. "एन२६" म्हणजे पुढच्या मेलला २६ मिळणार. "व्ही" चा अर्थ प्रश्न ६ मध्ये आहे. त्याखाली एकेका मेलची ओळ: आधी यूआयडी, मग त्या मेलच्या फाइलचं नाव. दुसऱ्या प्रोग्रामनं परस्पर फाइल आणून टाकली, तरी डव्हकॉट पुढच्या वेळी फोल्डर उघडताना तिला शेवटचा क्रमांक देऊन इथे नोंदवतो. दोन मेल एकदम आले तर? क्रमांक देताना ही यादी क्षणभर कुलूपबंद होते, एकाचं झालं की दुसऱ्याचं.

६. यूआयडीव्हॅलिडिटी हा काय प्रकार आहे?

आवक नोंदवही नव्या वर्षी पुन्हा १ पासून सुरू होते. म्हणून नुसतं "आवक क्रमांक २१४" म्हणून चालत नाही, "२१४/२०२४" असं लिहावं लागतं. यूआयडीव्हॅलिडिटी म्हणजे तिरक्या रेघेनंतरचा तो भाग. वही बदलली, म्हणजे जुने क्रमांक काही कारणानं टिकवता आले नाहीत, की सर्व्हर हा आकडा वाढवतो. क्लायंटला तो बदललेला दिसला की त्यानं त्या फोल्डरचं स्वतःजवळ साठवलेलं सगळं टाकून नव्यानं आणायचं असतं.

पुष्कळ सर्व्हर इथे फोल्डर तयार झाला ती वेळ सेकंदांत टाकतात, १ जानेवारी १९७० पासून मोजून. वरच्या उदाहरणातला १७०००००००० म्हणजे भारतीय वेळेनुसार १५ नोव्हेंबर २०२३, पहाटे ३ वाजून ४३ मिनिटं आणि २० सेकंद. वेळ कायम पुढेच जात असल्यामुळे "पावत्या" नावाचा फोल्डर पुसून त्याच नावानं पुन्हा केला, तरी नव्याला आपोआप मोठा आकडा मिळतो.

म्हणजे मेलचा खरा पत्ता तीन भागांचा: फोल्डर, यूआयडीव्हॅलिडिटी, यूआयडी. मेलच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम लिहिणाऱ्यांनो, तिन्ही साठवा. नुसता यूआयडी साठवलेल्या प्रोग्रामांनी चुकीचे मेल पुसल्याचं निस्तरणं माझ्या वाट्याला आलं आहे, आणि पुसलेलं नेहमी परत मिळतंच असं नाही.

७. यूआयडीत मध्येच आकडे गळालेले दिसतात. मेल हरवले का?

नाही. १२, १३, १७ असं दिसलं तर १४ ते १६ पुसले गेले किंवा दुसऱ्या फोल्डरात गेले. सलग असण्याची अट नाही, चढतं असण्याची आहे.

८. आकडे संपले तर?

यूआयडी ३२ बिटांचा, कमाल ४,२९,४९,६७,२९५. एका फोल्डरात रोज १,००० मेल आले तरी ११ हजारांहून जास्त वर्षं लागतील.

९. मेलडिरमधली फाइलींची लांबलचक नावं कशी बनतात?

ही रचना मला फार आवडते, म्हणून थोडं सविस्तर. मेलडिर ही डॅनियल बर्नस्टाईन यांची कल्पना, त्यांच्या क्यूमेल या सर्व्हरसाठीची. प्रत्येक मेल वेगळ्या फाइलीत. नाव साधारण असं:

१७००००००००.एम४८२९१३पी२०४१७.मेल१

पहिला आकडा सेकंद. "एम" पुढे मायक्रोसेकंद. "पी" पुढे मेल टाकणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक. शेवटी यंत्राचं नाव. प्रत्येक भागामागे एकेक अडचण आहे. नुसते सेकंद घेतले तर एका सेकंदात दोन मेल आले की टक्कर. म्हणून प्रोसेस क्रमांक जोडला. पण तोही काही काळानं फिरून येतो, वेगवान यंत्रावर लवकर येतो, म्हणून मायक्रोसेकंद. आणि साठवण नेटवर्कवर सामायिक असेल तर दोन यंत्रांवर हे सगळं जुळून येऊ शकतं, म्हणून यंत्राचं नाव. ही नावं ठरवताना कुणाला विचारायचं नाही, कुठलंही कुलूप नाही. मेल आधी "टीएमपी" या उपफोल्डरात पूर्ण लिहून होतो, मगच "न्यू" या उपफोल्डरात जातो. त्यामुळे वीज मध्येच गेली तरी अर्धवट मेल पेटीत दिसत नाही.

क्लायंटनं पाहिल्यावर फाइल "कर" या तिसऱ्या उपफोल्डरात जाते आणि नावाच्या शेवटी अपूर्णविराम, २, स्वल्पविराम आणि खुणेची अक्षरं लागतात: "एस" वाचलेला, "आर" उत्तर दिलेला, "टी" टाकून द्यायचा. म्हणजे फाइलचं पूर्ण नाव बदलत राहतं. ओळख फक्त अपूर्णविरामाच्या आधीच्या भागात असते. स्क्रिप्ट लिहिताना हे विसरू नका.

१०. मेल एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवला तर यूआयडी तोच राहतो का?

नाही. नव्या फोल्डराच्या वहीत त्याची नवी नोंद होते, तिथला पुढचा आकडा मिळतो. २०१९ चा मेल आज हलवलात तर तो आजच्या मेलांच्या रांगेत मोठा यूआयडी घेऊन बसतो. त्यामुळे यूआयडीवरून मेल कधी आला हे सिद्ध होत नाही, फोल्डरात शिरण्याचा क्रम तेवढा कळतो. सर्व्हरकडे यूआयडीप्लस ही सोय असेल, तर कोणता जुना क्रमांक कोणता नवा झाला हे तो हलवताक्षणी सांगतो. फोल्डराचं नुसतं नाव बदललं तर मात्र यूआयडी साधारणपणे तसेच राहतात.

११. लॉगमध्ये (सर्व्हरच्या कामाच्या नोंदीत) एकच क्यू-आयडी दोन वेगळ्या मेलांना दिसतो. सर्व्हर बिघडलाय का?

मेल पुढे पाठवणारा प्रोग्राम पोस्टफिक्स असेल तर बिघाड नाही. त्याचा नेहमीचा आखूड क्यू-आयडी दोन गोष्टींतून बनतो: वेळेतले मायक्रोसेकंद आणि रांगेतल्या फाइलचा आयनोड क्रमांक, म्हणजे डिस्कवरच्या फाइलव्यवस्थेनं तिला दिलेला क्रमांक. मेल पुढे गेला की फाइल पुसली जाते आणि आयनोड मोकळा होतो. पुढे कधीतरी तोच आयनोड आणि तेच मायक्रोसेकंद जुळतात. रांगेत एका वेळी दोघांना एकच आयडी कधी मिळत नाही. महिन्याभराच्या लॉगमध्ये मात्र मिळू शकतो. म्हणून शोधताना तारीख आणि वेळ सोबत घ्या.

कायमचा उपाय हवा असेल तर आवृत्ती २.९ पासून लांब क्यू-आयडी चालू करण्याचं सेटिंग आहे. त्यात पूर्ण वेळ असते, त्यामुळे पुनरावृत्ती होत नाही. त्यासाठी अंक आणि रोमन लिपीतली स्वर सोडून बाकीची लहान-मोठी अक्षरं वापरतात, एकूण ५२. स्वर वगळल्यामुळे आयडीत चुकून एखादा नको तो शब्द तयार होत नाही. ही काळजी घेणाऱ्याचं मला कौतुक वाटतं.

एक्झिम या तशाच दुसऱ्या प्रोग्रामची तऱ्हा वेगळी. त्याचा आयडी तीन तुकड्यांचा: सेकंद, प्रोसेस क्रमांक, सेकंदाचा अंश. पूर्वी तो १६ अक्षरांचा असे, ४.९७ आवृत्तीपासून २३ अक्षरांचा झाला. लॉग चाळणारी जुनी स्क्रिप्ट १६ अक्षरं गृहीत धरून लिहिलेली असेल तर ती तपासा.

१२. मेल पोचला नाही अशी तक्रार करायची आहे. कोणता क्रमांक देऊ?

मेसेज-आयडी, पाठवल्याची तारीख आणि वेळ, दोन्हीकडचे पत्ते. तुमच्या सर्व्हरनं पलीकडचं उत्तर नोंदवलं असेल तर तेही द्या. त्यात बहुधा "क्यूड ॲज" असं म्हणून पलीकडच्यांचा क्यू-आयडी असतो आणि त्यांना तो लगेच सापडतो. यूआयडी देऊ नका, तो तुमच्या पेटीबाहेर कुणाच्याच कामाचा नाही.

१३. सोसायटीच्या गटावर मी टाकलेला मेल बाकी सगळ्यांना आला, मला का नाही?

तुम्ही जीमेल वापरत असाल तर हे अपेक्षित आहे. गटाकडून परत आलेल्या प्रतीवर तुमचाच मेसेज-आयडी असतो. जीमेल ती "पाठवलेले" मधल्या प्रतीसारखीच समजतो आणि इनबॉक्समध्ये पुन्हा दाखवत नाही. इतरांना मेल गेलेला असतो.

१४. जीमेल, आउटलुक यांचे आयडी याहून वेगळे आहेत का?

आहेत. जीमेलमध्ये लेबलं असतात, एकच मेल आयमॅपवर तीन फोल्डरांत दिसू शकतो, तिन्हीकडे यूआयडी वेगळा. म्हणून गूगलनं त्यावर ६४ बिटांचा स्वतःचा संदेश क्रमांक दिला आहे, तो सगळीकडे तोच. मायक्रोसॉफ्टच्या ग्राफ या जोडणीत मेलचा आयडी फोल्डर बदलला की बदलतो. न बदलणारा हवा असेल तर तसं विनंतीतच सांगावं लागतं.

प्रमाणांनीही हीच वाट धरली. २०१८ च्या आरएफसी ८४७४ नं आयमॅपला फोल्डरावर न अवलंबणारा ई-मेल आयडी दिला. २०१९ मधल्या जेमॅप या नव्या मेल-पद्धतीत तर मेलचा आयडी एकच आणि तो कोणकोणत्या पेट्यांत आहे ही त्याची एक माहिती.

१५. मजकुराचा हॅश (मजकुरावरून गणितानं काढलेला ठसा) काढून तोच आयडी केला तर सगळा प्रश्न मिटत नाही का?

अर्धा मिटतो. सायरस सर्व्हर हेच करतो: संपूर्ण मेलचा एसएचए-१ हॅश हा त्याचा जीयूआयडी. दोन सर्व्हरवरच्या प्रती ताडून बघायला तो उत्तम. पण हॅशला चढता क्रम नसतो, तेव्हा "२५ नंतर काय आलं" (प्रश्न ५) विचारता येत नाही. आणि एकच मेल दोन वाटांनी आला तर वाटेतल्या सर्व्हरांच्या नोंदी वेगळ्या असल्यानं हॅशही वेगळा निघतो. म्हणून सायरससुद्धा यूआयडी ठेवतोच, हॅश त्याच्या जोडीला.

१६. मेसेज-आयडीत देवनागरी चालतं का?

२०१२ च्या आरएफसी ६५३२ प्रमाणे युनिकोडला मुभा आहे, पण आयडी रोमन अक्षरांतच ठेवावा हे सोयीचं, असं तिथेच सुचवलं आहे. तुमचा पत्ता आणि डोमेन देवनागरीत असेल तरी हेच करा. साखळीतल्या एखाद्या जुन्या सर्व्हरला युनिकोड झेपलं नाही तर उत्तरांची जुळणी तुटते.

१७. सर्व्हर बदलल्यावर सगळे जुने मेल पुन्हा उतरले. असं का झालं?

तुम्ही पॉप३ (मेल आपल्या संगणकावर उतरवून घेण्याची जुनी पद्धत) वापरत असणार आणि "प्रत सर्व्हरवर ठेवा" चालू असणार. पॉपमध्ये प्रत्येक मेलला यूआयडीएल नावाची खूण असते, १ ते ७० अक्षरांची. ती कशी बनवायची हे सर्व्हरवर सोपवलेलं आहे. क्लायंट पाहिलेल्या खुणांची यादी ठेवतो आणि यादीत नसलेलं सगळं नवं समजतो.

डव्हकॉटची मूळ पद्धत यूआयडी आणि यूआयडीव्हॅलिडिटी षोडशमान (सोळाच्या पायावरच्या) पद्धतीत जोडून लिहिण्याची. प्रश्न ५ मधल्या फोल्डरात यूआयडी २५ असलेल्या मेलची खूण होईल ००००००१९६५५३एफ१००. पहिली ८ अक्षरं म्हणजे २५, पुढची ८ म्हणजे १७००००००००. आता जुना सर्व्हर फाइलचं नावच खूण म्हणून देत असेल, तर नव्या सर्व्हरवर त्याच मेलची खूण पूर्ण वेगळी.

एका पतसंस्थेचा सर्व्हर मी हलवला तेव्हा हे बघायचं राहिलं, आणि ती चूक माझीच होती. सोमवारी सकाळी तिथल्या ताईंच्या संगणकावर सहा वर्षांचे मेल ठळक अक्षरांत न वाचलेले म्हणून कोसळले, जुन्या व्याजदरांच्या परिपत्रकांसकट. मी लगेच "पॉप३_यूआयडीएल_फॉरमॅट" बदलून फाइलचं नाव लावलं. ज्यांनी तोवर मेल उघडला नव्हता ते वाचले. ताईंचा क्लायंट मात्र जुन्या खुणा विसरून नव्या शिकला होता, त्यामुळे बदलल्यावर त्यांच्याकडे सगळं तिसऱ्यांदा उतरलं. दोन दिवस त्या जादा प्रती पुसत बसल्या.

तेव्हा हलवण्याआधीच जुन्या सर्व्हरवर पॉपनं जोडून यूआयडीएल आज्ञा द्या, दोनचार खुणा कागदावर उतरवा आणि नव्या सर्व्हरवर अक्षर न् अक्षर त्याच येतात का बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

१८. बॅकअपमधून एक पुसलेला मेल परत टाकला. त्याला जुना यूआयडी मिळेल का?

मिळणार नाही, आणि मिळूही नये. काही क्लायंटांनी तो क्रमांक "पुसला" म्हणून नोंदवलेला असतो. डव्हकॉटला पुसलेल्या मेलची फाइल परत आलेली दिसली, तर तो तिला नवा यूआयडी देतो आणि लॉगमध्ये तशी नोंद करतो. ती सूचना पाहून घाबरू नका. फक्त फाइलीबरोबर बॅकअपमधली जुनी "डव्हकॉट-यूआयडीलिस्ट" चालू सर्व्हरवर आणू नका. का ते पुढच्या उत्तरात.

१९. आख्खा सर्व्हर कालच्या स्नॅपशॉटवरून (त्या वेळी घेतलेल्या पूर्ण प्रतीवरून) परत आणला. आता काही मेल फोनवर दिसत नाहीत, काहींचा विषय एक आणि मजकूर दुसराच. हे काय?

या यादीतला सर्वांत वाईट प्रसंग हाच, कारण कुठेही चूक नोंदवली जात नाही. काल रात्री काटा ५०० वर होता. आज दिवसभरात ५०० ते ५३९ क्रमांकांचे मेल आले, फोननं ते पाहिले. मग स्नॅपशॉट परत आणला आणि काटा पुन्हा ५०० वर गेला. यूआयडीव्हॅलिडिटी मात्र तीच. आता येणारा नवा मेल ५०० क्रमांक घेतो, फोन म्हणतो ५०० माझ्याकडे आहे आणि जुनाच मजकूर दाखवतो. वही तीच आणि क्रमांक दोनदा.

सर्व्हर परत आणल्यावर मेल स्वीकारणं लगेच सुरू करू नका. आधी प्रत्येक फोल्डराचा काटा उडी मारून पुढे न्या. डव्हकॉटमध्ये "डव्हअ‍ॅडम मेलबॉक्स अपडेट" या आज्ञेला पुढचा किमान यूआयडी सांगता येतो. दिवसाला शंभर मेल येत असतील तर सरळ दहा हजारांनी वाढवा, आकडे भरपूर आहेत (प्रश्न ८). मगच बाहेरचं दार उघडा.

नवे मेल आधीच येऊन बसले असतील तर काटा सरकवून उपयोग नाही. त्याच आज्ञेनं त्या फोल्डरांची यूआयडीव्हॅलिडिटी वाढवा. सगळे क्लायंट सगळं पुन्हा उतरवतील, दिवसभर जोडणी मंद राहील, पॉप वापरणाऱ्यांकडे प्रश्न १७ मधला प्रकार होईल. लोकांना ते आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि शक्यतो शनिवारी संध्याकाळी करा.